बाणांना बांधलेला लाल दोरा

माझ्या नाकावर राग असतो हे मीरा रोडच्या पेणकरपाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे, गिऱ्हाइकांना तर जास्तच. ब्लाउजचं माप देताना पोट आत ओढून उभी राहिलेली बाई दिसली की मी तिला तोंडावर सांगते, "श्वास सोडा ताई, नाहीतर भर लग्नात हुक सुटतील." तरी त्या परत येतात. कारण जिभेला हाड नसलं तरी माझी शिवण उसवत नाही. वीस वर्षं मशीन चालवतेय. नवरा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या खात्यात, मी घरी मशीनवर, आणि आम्हा दोघांना मिळून एकच लेक.

लेक आता बारा वर्षांची आहे. सांगतेय ते ती अकराची असतानाचं. माझ्या पोटी अशी घुमी पोर कशी आली, हे माझ्या आईपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी मला विचारून झालंय. शाळेच्या प्रगतिपुस्तकात दर वर्षी एकच शेरा: वर्गात बोलत नाही. घरीही तेच. भूक लागली तर डबे उघडून बघायची, ताप आला तर गुपचूप अंथरुणात जाऊन पडायची. तिला बोलतं करायला मी काय काय केलं! पाहुण्यांसमोर कविता म्हणायला उभी केली, दुकानात सामान मागायला पुढे ढकलली, आणि "मूग गिळून काय बसलीस, बोल ना!" हे दिवसातून दहा वेळा म्हटलं. ती आणखीच मिटत गेली.

तिरंदाजीचा कागद मला तिच्या कंपासपेटीत सापडला. घडी घालून घालून पार चुरगळलेला. शाळेत कुणी एक सर येऊन गेले होते. शांती नगरमधल्या एका शाळेच्या मैदानावर ते लहान मुलांसाठी धनुष्यबाणाचा क्लास काढणार होते, आणि कागदाच्या खाली पालकांच्या सहीची जागा होती. कागद वाटून आठवडा झाला होता.

"जायचंय?" मी विचारलं.

तिने मान हलवली.

"मग दाखवला का नाहीस?"

तिने कंपासपेटी बंद केली. मी सही केली, तीसुद्धा जरा रागातच.

क्लास मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता. मी मशीनवर कापड तसंच टाकून तिला शेअर रिक्षाने घेऊन जायचे आणि मैदानाच्या कडेच्या पायरीवर बसून हुक-काजं करायचे. सर रायगडकडचे, तिशीच्या आतले, सडपातळ, गळ्यात कायम शिट्टी. मैदानाच्या एका टोकाला हिरवी जाळी लावलेली, तिच्यापुढे गवताच्या जाड गाद्या उभ्या केलेल्या आणि त्यांवर रंगीत गोलांचे कागद. मधल्या पिवळ्यात लागला तर दहा नाहीतर नऊ गुण, मग लाल, निळा, काळा करत करत पांढऱ्याच्या कडेला एक, आणि कागदाबाहेर गेला तर काहीच नाही. मुलं दहा मीटरवर रेषेत उभी. दोन शिट्ट्या वाजल्या की रेषेवर यायचं, एक वाजली की बाण सोडायचे, तीन वाजल्या की सगळ्यांनी मिळून बाण काढायला जायचं. तीन वाजेपर्यंत रेषेपलीकडे पाऊल टाकायचं नाही, मग समोर काहीही पडलेलं असो. पोरं गुजराती, मारवाडी, मुसलमान, मराठी, सगळी होती. त्यामुळे सरांचं शिकवणं हिंदीत, "कोहनी ऊपर, कंधा नीचे", आणि रागावणं मराठीत.

पहिला महिनाभर बाण कुणाच्या हातात दिलाच नाही. आधी नुसती रबराची पट्टी ओढायची, मग रिकामं धनुष्य ओढायचं आणि हळूच परत आणायचं. माझ्याच्याने बघवेना. पोरं धनुष्यबाण शिकायला आली आहेत की व्यायामाला, असं मी सरांना विचारणारही होते. पण मला शिवणाच्या क्लासमध्ये पहिले पंधरा दिवस दोरा न ओवता कागदावर सुई चालवायला लावली होती, ते आठवलं आणि मी गप्प बसले. मी आपण होऊन गप्प बसल्याचे प्रसंग कमी आहेत, म्हणून नोंदवून ठेवते.

रेषेवर मात्र माझी पोर वेगळीच दिसायची. पाय रोवून आडवी उभी, दोरी हनुवटीला टेकलेली, डोळा समोर, आणि सगळं अंग शांत. घरातलं तिचं गप्प राहणं आणि हे गप्प राहणं एक नव्हतं. घरात ती बोलायचं टाळत असायची. इथे ती कामात असायची. दोन महिन्यांत तिचे बाण पांढऱ्यातून निळ्यात, निळ्यातून लालात यायला लागले. एका शनिवारी एक पिवळ्यात लागला, तेव्हा सर "शाब्बास!" म्हणून ओरडले आणि मी हातातली सुई बोटात टोचून घेतली.

त्या दिवशी घरी जाताना मी तिला विचारलं, "काय आवडतं गं तुला यात एवढं?"

रिक्षा पेणकरपाड्याच्या तोंडाशी आली तेव्हा तिने उत्तर दिलं. "तिथे कुणी बोल बोल म्हणत नाही."

मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. कारण बोल बोल म्हणणारं तिच्या आयुष्यात दुसरं होतं तरी कोण?

पण मनाला लागणं वेगळं आणि स्वभाव बदलणं वेगळं. नवरात्र जवळ आलं तशी माझ्याकडे चणियाचोळ्यांची रीघ लागली. मीरा रोडच्या निम्म्या गुजराती बायकांना गरब्यासाठी नवी चोळी हवी असते, आणि त्या सगळ्यांना ती एकाच दिवशी हवी असते. "भाभी, आज तो देना ही पडेगा," म्हणत एकेक दारात उभी. त्यात आठवड्यातून तीन संध्याकाळी मैदानावर जायचं. त्यात पाचवीची स्कॉलरशिप तोंडावर. त्यात एका चोळीची बाही उलटी लागली. उलटी बाही, स्कॉलरशिप आणि क्लास यांचा काही संबंध नाही हे मला आज कळतं. त्या दिवशी माझा पारा चढलेला होता आणि पोर समोर क्लासला जायला पाण्याची बाटली घेऊन उभी होती.

"दसऱ्यानंतरच्या रविवारी स्पर्धा आहे ना तुमची?" मी म्हटलं. "निम्मे गुण आले तर क्लास चालू. नाही आले तर बंद. मग स्कॉलरशिपच्या अभ्यासाला बसायचं. कळलं?"

तिने मान हलवली. मला वाटलं, किती समजूतदार आहे.

निम्मे हे मी अगदीच हवेतून काढलं नव्हतं. नवशिक्यांच्या स्पर्धेत प्रत्येकाला छत्तीस बाण, म्हणजे तीनशे साठ गुण. त्यातले एकशेऐंशी, मी हिशेब केला. क्लासमध्ये तिचे दोनशेच्या वर येत होते. म्हणजे मी अट घातली ती पोर जिंकेल अशीच घातली होती. रागाच्या भरात घातली तरी मनातून मला तो क्लास बंद व्हायला नकोच होता. हे मी तिला सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दसऱ्याची सुट्टी दोन दिवस होती, म्हणून सरांनी स्पर्धेला उतरणाऱ्या मुलांना आपापलं धनुष्य आणि सहा बाण घरी दिले. प्रत्येक बाणावर ओळखीसाठी आपल्या नावाचं अक्षर मार्करने घालून आणा, असं सांगितलं. आमच्याकडे दसऱ्याला मशीनची पूजा असते. मशीन पुसून तेलपाणी करून ठेवायचं, कात्री, टेप, इस्त्री पाटावर मांडायची, झेंडूचा हार घालायचा, हळदकुंकू वाहायचं, आणि त्या दिवशी त्यांतल्या कशालाही हात लावायचा नाही. माझ्या सासरी कोकणात कोयता-विळ्यांचीही अशीच पूजा होते. त्या दिवशी मी पाट मांडला, तेव्हा धनुष्य कोपऱ्यात उभं दिसलं. म्हटलं, खरं शस्त्र तर घरात हेच आहे. कात्री पाटावर आणि धनुष्य कोपऱ्यात, हे बरं दिसत नाही. मी ते आणलं, मशीनच्या बाजूला उभं केलं, सहा बाण पाटावर ओळीने मांडले. पोर दारातून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. तिला हसताना बघून मला आणखी उत्साह चढला.

आणि माझा उत्साह माझ्या रागासारखाच आहे, कुठे थांबायचं हे त्याला कळत नाही. मार्करचं अक्षर मला पसंत नव्हतं. घामाने पुसून जाईल. माझ्या धंद्यात कुठलं कापड कुणाचं हे दोऱ्यावरून ठरतं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कापडाला मी वेगळ्या रंगाचा टाका घालून ठेवते, आणि वीस वर्षांत एकीची चोळी दुसरीला गेलेली नाही. म्हटलं, पूजाही होईल आणि खूणही होईल. पूजेचा लाल दोरा घेतला, हळदीच्या पाण्यात बुडवला आणि प्रत्येक बाणाला पिसांच्या जरा पुढे सहा-सहा वेढे देऊन घट्ट गुंडाळला. शेवटी हुक लावताना मारते ती गाठ मारली. ती गाठ सुटत नाही. हळद वाळल्यावर दोरा कडक झाला. बाण काय सुंदर दिसत होते!

"हे काढायचं नाही हं," मी पोरीला म्हटलं. "देवाचं आहे. बघ, आता कशी जिंकतेस."

संध्याकाळी तिने विचारलं, गच्चीवर नुसतं ओढून बघू का? मी नाही म्हटलं. पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी गच्चीवर कुणाचे तरी पापड वाळत होते. म्हणजे दोरा बांधलेला बाण एकदाही न सोडता ती स्पर्धेला गेली.

स्पर्धा भाईंदर पश्चिमेला एका शाळेच्या मैदानात होती. सकाळची वेळ, पण ऑक्टोबरचं ऊन, आठ वाजताच मान भाजत होती. पालकांना दोरीच्या बाहेर उभं केलं होतं. एक पंच बाई मुलांची धनुष्यं तपासत होत्या. माझ्या पोरीचे बाण त्यांनी हातात घेतले, दोऱ्यावरून बोट फिरवलं, "खूण आहे ना? चालेल," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मी शेजारच्या बाईकडे असं बघितलं, जणू मलाच बक्षीस मिळालं.

शेजारची बाई उत्तनची होती. डोक्यावर मोठी गवती टोपी, गळ्यात क्रूस, हातात ताकाची बाटली. तिची भाची माझ्या पोरीच्याच निशाणावर होती. एका निशाणावर दोघी, आळीपाळीने. बाण काढायला गेल्यावर आपले गुण आपण मोठ्याने सांगायचे आणि दुसरीने लिहायचे, असा तिथला नियम.

सरावाचे बाण सुरू झाले. माझ्या पोरीचा पहिला बाण गादीच्या उजव्या कडेला लागला. दुसरा खाली गवतात. तिसरा गादीवरून मागच्या जाळीत. मला वाटलं, घाबरली आहे. सर तिच्याजवळ गेले, एक बाण हातात घेऊन काहीतरी बोलले. खिशातून काहीतरी काढून तिच्यापुढे धरलं. तिने मान जोरजोरात हलवली, नाही, नाही. मला काही ऐकू येत नव्हतं, पण पोर सरांना उलट नकार देतेय एवढं दिसलं, आणि माझं डोकं तडकलं. एरवी तोंडातून शब्द निघत नाही, आणि नेमकं इथे हट्ट?

मग खरी स्पर्धा. एक पांढऱ्यात, दोन बाहेर, एक काळ्यात, दोन बाहेर. पुढच्या फेरीत तेच. प्रत्येक बाण भलत्याच दिशेला. मला धीर धरवला नाही. "अगं लक्ष दे! समोर बघ!" मी दोरीवर वाकून ओरडले. पंच बाई लगेच आल्या. "मॅडम, प्लीज, आवाज नको. मुलं डिस्टर्ब होतात." मी खाली बसले. उत्तनच्या बाईने ताकाची बाटली माझ्यापुढे केली.

"वरडू नको ग बाय," ती म्हणाली. "ती तुझ्याकडं बघते नि मंग सोडते. समोर बघतच न्हाय."

मला तिचा राग आला. ताक मात्र घेतलं. आणि मग मी नीट पाहिलं, तेव्हा ती म्हणाली ते खरं होतं. प्रत्येक बाण सोडण्याआधी माझी पोर एकदा, पटकन, दोरीकडे बघत होती. मी हसून हात केला. तोपर्यंत माझा चेहरा कसा झाला असेल देव जाणे, तिने मान वळवली ती घाईघाईने.

सहा फेऱ्या झाल्या. बत्तीस गुण. शेवटून दुसरा नंबर.

परतीच्या रिक्षात मी म्हटलं, "झालं? आता बंद." तिने मान हलवली. रडलीसुद्धा नाही. मंगळवारी पाच वाजता ती स्कॉलरशिपचं पुस्तक घेऊन बसली. मी मशीनवर बसले. घड्याळाकडे दोघींनीही बघितलं नाही. तरी पाच वाजून गेल्याचं आम्हा दोघींना कळत होतं.

गुरुवारी मी एकटीच धनुष्य परत करायला मैदानावर गेले. ती आलीच नाही, धनुष्य पिशवीत घालून दारात ठेवलं आणि आत गेली. सरांनी पिशवी घेतली, एक बाण बाहेर काढला आणि बोटांत फिरवून पाहिला.

"ताई, हा दोरा तुम्ही बांधला होता?"

"हो. पूजेचा आहे. खूण पण होते." अजूनही माझ्या आवाजात कौतुकच होतं.

सरांनी बाण धनुष्यावर लावला आणि अगदी हळू पुढे सरकवून दाखवला. बाणाचा शेवटचा भाग धनुष्याला घासून जात होता. दोऱ्यापाशी तो अडकला आणि पिसांकडचं टोक टक्कन बाजूला उडालं.

"सुटताना प्रत्येक बाणाला असा धक्का बसत होता," ते म्हणाले. "आणि गाठ प्रत्येकाची वेगळ्या बाजूला. त्यामुळे नेम बदलून पण उपयोग नाही. मोठा खेळाडू असता तरी त्याला जमलं नसतं. चूक माझी पण आहे, मी आधी बाण बघायला हवे होते."

मी पायरीवर बसले.

"सरावाच्या वेळीच कळलं मला," सर सांगत होते. "मी तिला कटर दिला, म्हटलं काप. नाही म्हणाली. म्हटलं मी कापतो. बाण मागे लपवले. 'आईने पूजा केलीय' एवढंच म्हणाली. आता श्रद्धेचा विषय, मी जबरदस्ती कशी करणार?"

माझ्या पिशवीत छोटी कात्री असतेच. मी सहाही बाण मांडीवर घेतले आणि दोरे कापायला बसले. हळदीने दोरा बाणाच्या काडीला चिकटला होता आणि गाठ माझीच, ती कशी सुटणार? नखाने खरवडून खरवडून काढावा लागला. समोर दुसरी पोरं रेषेवर उभी होती, शिट्ट्या वाजत होत्या, आणि माझ्या डोळ्यांना धड दिसत नव्हतं. माझी पोर माझ्या पूजेपायी हरली. कापते म्हणाली असती तर जिंकली असती, पण आईने बांधलेलं तोडवलं नाही तिला. मी तिला रिक्षात काय बोलले, आणि तिने एका शब्दाने सांगितलं नाही. असली पोर मिळायला पुण्य लागतं, असं मनात म्हणत मी घरी निघाले. वाटेत तिच्या आवडीची केळ्याची वेफर्स घेतली. लहानपणी घ्यायचे तशी तिला कुशीत घ्यायची, एवढंच ठरवलं होतं.

ती जमिनीवर पुस्तक घेऊन बसली होती. मी शेजारी बसले, वेफर्सची पुडी तिच्यापुढे ठेवली आणि आवाज जमेल तेवढा मऊ केला.

"सर म्हणाले, त्यांनी दोरा कापायला सांगितला होता."

मान हलली.

"आणि तू कापला नाहीस. माझ्यासाठी ना? मी पूजा केली होती म्हणून?"

तिने माझ्याकडे बघितलं. खरंच गोंधळली होती. "नाही," ती म्हणाली.

"मग?"

ती पुस्तकाचं पान दुमडत राहिली. मी वाट बघितली. एरवी मी एवढी वाट बघत नाही.

"कापला असता," ती हळूहळू म्हणाली, "आणि तरी कमी गुण आले असते, तर तू म्हणाली असतीस, दोरा कापलास म्हणून हरलीस."

माझ्या तोंडात शब्द तयार होता. मी? मी असं कधी म्हणेन? पण तो बाहेर पडायच्या आत मला माझाच आवाज ऐकू आला, अगदी चालीसकट. देवाचा दोरा कापायचा आणि वर गुण हवेत! अख्खं वाक्य मला येत होतं. ते मी रिक्षात म्हटलं असतं, घरी नवऱ्याला सांगितलं असतं, पुढच्या दसऱ्याला परत काढलं असतं. पोरीने दोन्ही बाजूंनी विचार केला होता. एका बाजूला हरणं होतं. दुसऱ्या बाजूला हरण्याची भीती होती आणि वर मी. तिने नुसतं हरणं निवडलं. एवढा हिशेब अकरा वर्षांच्या मुलीने सरावाच्या दोन मिनिटांत केला, म्हणजे तो तिला आधीपासून पाठ असणार.

प्रेम शोधायला गेले होते मी, वेफर्स घेऊन. मला लाज वाटली. खूप लाज वाटली, आणि तिच्यासमोर लपवताही आली नाही.

"हो," मी म्हटलं. "म्हणाले असते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पुढे काहीतरी जोडेन, 'पण' म्हणेन, याची ती वाट बघत असावी. मी काही जोडलं नाही. जोडण्यासारखं नव्हतंच काही.

मग तिने वेफर्सची पुडी स्वतःकडे ओढली. "मी शनिवारी जाऊ?"

"जा. ती अट गेली. गुण येवोत न येवोत."

"पण तू आत नको येऊस."

"मग कुठे थांबू?"

तिने विचार केला. "फाटकापर्यंत ये."

तेव्हापासून मी फाटकापर्यंत जाते. बाहेर एक रसवंती आहे, तिथल्या बाकड्यावर बसून हुक-काजं करते. तिथून मैदान दिसत नाही, मधे भिंत आहे. शिट्ट्या ऐकू येतात. दोन, मग एक, मग बराच वेळ काही नाही, मग तीन. पहिले काही दिवस मी भिंतीच्या फटीतून बघायचा प्रयत्न केला, खोटं कशाला सांगू. मग सोडून दिला. कुणी विचारतं, मुलगी कशी खेळते? मी सांगते, मला माहीत नाही, सरांना विचारा.

तोंड गप्प ठेवणं मला अजून जड जातं. "आज किती लागले?" हा प्रश्न दर क्लासला साडेसहाला फाटकापाशी माझ्या जिभेवर येतो आणि दर वेळी मी तो गिळते. कधी कधी गिळता येत नाही, तेव्हा मी "पाणी प्यायलीस का?" असं विचारते. तिला ते कळतं, असा मला संशय आहे.

गेल्या महिन्यात तिची दुसरी स्पर्धा झाली. मी फाटकाबाहेर होते. सकाळपासून दुपारपर्यंत त्या बाकड्यावर दोन ब्लाउज पूर्ण झाले. ती बाहेर आली, धनुष्याची पिशवी खांद्याला, कपाळावर घामाने चिकटलेले केस. चेहऱ्यावरून काही कळेना. मी काही विचारलं नाही. आम्ही रिक्षाच्या दिशेने चालायला लागलो. मेडिकलचं दुकान गेलं, वडापावची गाडी गेली.

"माझे दोन बाण पार बाहेर गेले," ती म्हणाली.

मी चालत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतःचं काहीतरी चुकलेलं मला आपण होऊन सांगितलं होतं. माझ्या ओठांवर दहा प्रश्न आले.

"बरं," मी म्हटलं, आणि तिच्या हातातली पाण्याची बाटली धरायला घेतली. ती पुढचं सांगायला लागली.